आत्यानं लॅपटॉपची खोड मोडली

माझी आत्या कपाटात बसून पुस्तकं वाचते. हे मी पाहुण्यांना सहज सांगून जाते आणि मग त्यांचे चेहरे बघत बसते. म्हणून इथं आधीच खुलासा केलेला बरा.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळी नोकरी तिनं कानाला ते काळं यंत्र लावून काढली. निवृत्त झाली तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी शिल्लक होत्या. एक तिचा आवाज, आणि दुसरी काहीही झालं तरी समोरच्यावर न चिडण्याची सवय. आवाजाचं काय करायचं ते ग्रंथालयानं ठरवलं. तिथं दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि वाचायला माणसं कायम कमी पडतात. आत्या गेली, एक पान वाचून दाखवलं, आणि येताना मायक्रोफोन घेऊनच आली.

आमचं घर रस्त्यालगत. खाली हॉर्न, वर शेजाऱ्यांचं धुलाई मशीन. शांत जागा म्हणून आत्यानं घरभर टाळ्या वाजवत फेरी मारली आणि शेवटी आपल्या कपड्यांच्या कपाटात शिरली. कोट आणि रजया आवाज पिऊन टाकतात, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून आत एक स्टूल, हँगरला टांगलेला मायक्रोफोन, आणि दाराच्या फटीतून बाहेर आलेली वायर. वायरीच्या या टोकाला, खुर्चीवर, लॅपटॉप.

लॅपटॉप दादाचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो संगणकवाला आहे आणि दुसऱ्या शहरात असतो. कॉलेज संपल्यावर त्यानं हा टाकून दिला होता, तो आत्यानं उचलला. एका बिजागरीला चिकटपट्टी, स्पेसबार एका बाजूनंच दबणारा, आणि चालू केला की पंखा असा घुमायचा की खिडकीवर कबुतर बसलंय की काय वाटावं. तरी चालायचा.

त्या वर्षी आत्यानं एक जाडजूड समुद्री कादंबरी वाचायला घेतली होती. बोटीवर खून होतो आणि बंदर येईपर्यंत खुनी सापडत नाही, अशी. एकेक भाग झाला की ग्रंथालयात जायचा आणि तिथून ऐकणाऱ्यांकडे. ऐकणाऱ्यांत एक आचारी होते. आयुष्यभर जहाजावर स्वयंपाक केलेले, आता दिसेनासं झालेले, आणि स्वभावानं तापलेल्या तव्यासारखे. त्यांनी ग्रंथालयातून आत्याचा नंबर मिळवला होता. दर भागानंतर त्यांचा फोन यायचा.

"बाई, तुमचा तो लेखक जहाजावर कधी चढला होता का हो? स्वयंपाकघर पुढच्या टोकाला दाखवलंय त्यानं!"

"मी नुसती वाचणारी आहे, आचारीसाहेब."

"आणि सगळे जण आचाऱ्यावर संशय घेतायत. हे बघा, खुनी आचारी निघाला तर मी ग्रंथालयाचं सदस्यत्व सोडणार. कोण निघतो?"

"ते मी सांगणार नाही."

"मी सत्तरी ओलांडलेला माणूस. शेवट ऐकायच्या आधीच गेलो तर?"

"मग तिकडेच चौकशी करा. ज्याचा खून झालाय तो तिकडेच आहे."

पलीकडून बराच वेळ खोकल्यासारखं हसणं ऐकू आलं, असं आत्यानं आम्हाला सांगितलं.

आणि नेमका कादंबरी संपता संपता लॅपटॉपनं दगा दिला. म्हणजे शेवटचे भाग वाचून झाले होते, फक्त त्यांतल्या चुका काढून ग्रंथालयात पाठवायचे होते. तेवढ्यात त्याचा पडदा मधूनच निळा पडून तो बंद व्हायला लागला. मग चालू व्हायलाच टाळाटाळ करायला लागला. एक दिवस कसाबसा सुरू झाला तेव्हा आत्यानं शहाणपण करून ते शेवटचे भाग एका पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि दादाला फोन लावला.

"आत्या, तो म्हातारा झालाय. मी नवीन पाठवतो."

"म्हातारी मीही झालेय. मला बदलणार का?"

"तुझी सिस्टिम तरी चालू आहे! त्याची जुनी झालीय, कुणी विचारत नाही आता तिला."

"मग नवी घालू या. फुकट मिळते म्हणे एक, जुन्या यंत्रांवर चालणारी."

आत्यानं हे कुठून ऐकलं, हे दादाला कळेना. ती रेडिओ ऐकते, हे तो विसरला होता. शेवटी त्यानं सांगितलं तसं मी माझ्या ऑफिसच्या संगणकावर ती सिस्टिम उतरवून घेतली आणि आत्यानं दिलेल्या पेनड्राइव्हवर चढवली. ग्रंथालयानं तिला एकसारखे दोन काळे पेनड्राइव्ह दिले होते. एकाच्या टोपणावर तिनं 'पुस्तक' अशी चिठ्ठी चिकटवली होती, दुसऱ्याच्या टोपणावर 'रिकामा'. मला दिला तो 'रिकामा'.

रविवारी सकाळी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिली अडचण अशी की लॅपटॉप पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघेना. चालू होताना एक बटण दाबायचं असतं, तेही नेमक्या क्षणी. जरा लवकर दाबलं तर त्याला ऐकू येत नाही, जरा उशीर झाला की तो पुढे निघून गेलेला. आत्या ते बटण बंद दुकानाचं शटर ठोठावल्यासारखं ठोकत राहिली. अखेर एक यादी उगवली, आम्ही पेनड्राइव्ह निवडला, आणि पडद्यावर छानसं निळसर चित्र आलं. आम्ही चहा ठेवला.

चहा होईस्तोवर सिस्टिम अर्धी बसली होती. मग पडद्यावरची सरकती पट्टी थांबली, आणि एका चौकटीत आलं की काहीतरी गंभीर बिघाड झाला आहे, क्षमस्व.

"निदान माफी तरी मागतोय," आत्या म्हणाली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी सुरुवातीलाच अडकलं. तिसऱ्यांदा जवळजवळ शेवटाला जाऊन. जीव भांड्यात पडणार तेवढ्यात पडदा काळा. मी वैतागून उठले. आत्या मात्र हाताची घडी घालून त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. एखादा ग्राहक फोनवर रडत असावा आणि त्याचं संपेपर्यंत थांबायचं असावं, तसा चेहरा.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "एकाच ठिकाणी अडकतोय की वेगवेगळ्या?"

"दर वेळी जागा बदलतोय," आत्या म्हणाली. "आमच्याकडे लाइन एकाच जागी तुटली की समजायचं, तार तुटली. पण खरखर फिरती असली, आत्ता इथं, मग तिथं, तर कुठला तरी जोड सैल. तो सापडेपर्यंत लाइनमन शिव्या घालायचा."

"बरोबर आहे. माझा संशय मेमरीवर आहे. पेनड्राइव्हच्या पहिल्याच यादीत मेमरी तपासायची सोय असेल, ती लाव आणि सोडून दे. लाल ओळी आल्या तर मेमरी खराब."

लावली. आम्ही जेवून येईपर्यंत पडदा लाल ओळींनी भरून गेला होता. गंमत म्हणजे आत्याला आनंद झाला. दुखणं काय ते कळलं की अर्धी काळजी जाते, तसा. पण पुढे घोडं अडलं. मेमरीच्या पट्ट्या लॅपटॉपच्या पोटात असतात, आणि पोटाचे स्क्रू इतके बारीक की आमच्या घरातला सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे पहारीसारखा दिसत होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर घड्याळवाले राहतात. दुकान मुलाला देऊन टाकलंय, पण अवजारं दिली नाहीत. विधुर माणूस, मितभाषी. जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून वाट देतात. दुसऱ्या दिवशी आत्या त्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हर मागायला गेली. परत आली ती स्क्रूड्रायव्हर आणि घड्याळवाले असं दोन्ही घेऊन.

"अवजार मी कुणाला देत नाही," ते दारातच म्हणाले. "मी येतो."

त्यांनी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला. डोळ्याला भिंग लावलं. बॅटरी आधी काढली, मग मागचं छोटं झाकण. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यांनी रुमालावर ज्या जागचा त्या जागी मांडला, जणू लॅपटॉपचा नकाशाच. आत धुळीची एवढी गादी होती की घड्याळवाल्यांनी भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

"हे काय, गालिचा आहे का?"

"कपाटाशेजारी असतो ना तो," आत्या ओशाळून म्हणाली. "रजयांचा कापूस असेल."

मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. दादानं फोनवरून सांगितलं, टोकाची सोनेरी किनार खोडरबरानं हळूच घास, कधीकधी तेवढ्यानंही भागतं. घरात खोडरबर शोधताना मी सगळे खण उलथे केले. शेवटी घड्याळवाल्यांनीच खिशातून काढला. कशाला बाळगतात ते विचारायचं राहून गेलं. त्यांनी किनार अशी घासली की बघत राहावं. धूळ काढली. पट्ट्या परत बसवल्या. तपासणी लावली.

पुन्हा लाल.

"मग आता एकेक करून," आत्या म्हणाली. "एका वेळी एकीशीच बोलायचं. दोघी एकदम बोलल्या की कोण खोटं बोलतंय ते कळत नाही."

एक पट्टी काढली, एक ठेवली. लाल. तीच काढून दुसरी घातली. लाल ओळ एकही नाही, पडदा निळाच राहिला. बराच वेळ राहिला. घड्याळवाले दोन कप चहा प्यायले आणि मधल्या वेळेत आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी न विचारता उतरवून दुरुस्त केलं. ते मागे पडायचं म्हणे. आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की रेडिओच पुढे असतो.

खराब पट्टी आत्यानं बशीत ठेवली. उरलेल्या एकीवर सिस्टिम बसवायला घेतली. या वेळी पडद्यावरची पट्टी न अडखळता सरकत गेली. मधे लॅपटॉपनं बरेच प्रश्न विचारले. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, आणि एक जरा किचकट, काहीतरी कुठं बसवायचं असा. पुढे दोन पर्याय होते. आत्यानं वरचा निवडला. शेवटी 'अभिनंदन' आलं. घड्याळवाल्यांनी चक्क टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

आत्यानं पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

पेनड्राइव्ह घातला. झकास चालू झाला! नवी सिस्टिम, नवं चित्र, सगळं जागच्या जागी.

पेनड्राइव्ह काढला. काळा.

घातला. जिवंत.

"हे काय सोंग आहे?" मी म्हटलं. घड्याळवाल्यांनी रुमालाची घडी घातली होती ती पुन्हा उलगडली.

आता दादाची पाळी होती. त्यानं सगळं ऐकलं आणि आधी मनसोक्त हसून घेतलं. "आत्या, सिस्टिम लॅपटॉपमध्येच बसलीय. पण तिला सकाळी उठवणारं जे असतं ना, ते पेनड्राइव्हवर जाऊन बसलंय. तो किचकट प्रश्न आला होता तिथं तू चुकीची जागा निवडलीस. तो घरात असला की ती उठते, नसला की झोपून राहते."

"म्हणजे तुझ्यासारखंच झालं. तुझी आई असल्याशिवाय तू कधी उठला होतास?"

"एक ओळ टाइप करायची आहे. मी सांगतो, तू लिही. अक्षर इकडचं तिकडे झालं तर चालणार नाही."

हे सांगायला नको होतं. आत्या ताठ बसली, गळा साफ केला, आणि तिचा तो आवाज आला. नोकरीतला. मी लहानपणी एकदा एक्स्चेंजमध्ये ऐकला होता, त्यानंतर आजच. दादा एक अक्षर सांगायचा, ती ते परत म्हणायची, मग लिहायची.

"तिरकी रेघ."

"तिरकी रेघ. उजवीकडे झुकलेली की डावीकडे?"

"उजवीकडे."

"उजवीकडे. पुढे बोला."

"रिकामी जागा."

"आधी जागा की आधी रेघ? नीट सांगा, लाइनवर रहा."

दादा नकळत 'हो मॅडम' म्हणाला. ओळ पूर्ण झाली, आत्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, मगच बटण दाबलं. दोन क्षण काही नाही. मग एक छोटं वाक्य आलं की काम झालं, चूक नाही. आत्यानं पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. झाला. बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा झाला! आत्यानं घड्याळवाल्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि ते कानापर्यंत लाल झाले. तपासणीच्या पडद्यासारखे, असं माझ्या मनात आलं. मी बोलले नाही.

आता फक्त शेवटचे भाग परत घ्यायचे, चुका काढायच्या आणि ग्रंथालयात पाठवायचे. आत्यानं खणातून 'पुस्तक' लिहिलेला पेनड्राइव्ह आणला, घातला, उघडला.

आत काहीच नव्हतं.

तिनं काढला, फुंकला, परत घातला. रिकामा. मग घड्याळवाल्यांनी हळूच दोन्ही पेनड्राइव्ह उचलून शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "बाई, चिठ्ठ्या टोपणांवर आहेत."

आम्हाला लगेच उलगडलं. कधीतरी दोन्हींची टोपणं एकदम काढली गेली होती आणि लावताना अदलाबदल झाली होती. म्हणजे 'रिकामा' समजून मी ज्याच्यावर सिस्टिम चढवली, त्यात शेवटचे भाग होते. लॅपटॉपमधले तर पुसूनच नवी बसवली होती. दोन्हीकडून साफ.

आत्या खुर्चीत बसली. नोकरीतला तो आवाज कुठं गेला कोण जाणे. "सगळा शेवट गेला गं," एवढंच म्हणाली. कपाटात उन्हाळाभर घामाघूम होऊन वाचलं होतं तिनं. वादळाचा भाग वाचताना तर घसा बसला होता. घड्याळवाले स्क्रूड्रायव्हर डबीत भरत राहिले. एकच स्क्रूड्रायव्हर होता, तरी बराच वेळ भरत राहिले.

नेमका तेव्हाच आचाऱ्यांचा फोन आला.

आत्यानं घेतला आणि काही न लपवता सांगून टाकलं. टोपणं, चिठ्ठ्या, सगळं. आता पुन्हा वाचायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, असंही सांगितलं.

मग आचारी म्हणाले, "पुस्तक जवळ आहे का?"

"पुस्तक आहे की. पुस्तक कुठं जातंय."

"आणि तुमचं यंत्र दुरुस्त झालंय?"

"झालंय."

"मग दिवस कशाला मोजताय? वाचा. मी लाइनवर आहे."

आत्यानं आमच्याकडे बघितलं. मग उठली, चष्मा घेतला, पुस्तक घेतलं, फोनचा स्पीकर लावला आणि कपाटात जाऊन बसली. मी वायर जोडली. घड्याळवाले जायला निघाले होते, ते दाराशीच थांबले. मी त्यांना खुर्ची दिली.

आत्या वाचत होती आणि आचारी मधेच ओरडत होते. "थांबा, थांबा. वादळात कप्तान असा बोलतो? तुम्ही तर 'कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करा' अशा सुरात बोलताय! ओरडा!"

"शेजारी येतील."

"येऊ द्या! जहाज बुडतंय!"

मग आत्या ओरडली. मी तिला जन्मात कधी ओरडलेलं ऐकलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं मशीन बंद झालं. कपाटाच्या आतून दोर ओढा, शिडं उतरवा अशा आरोळ्या येत होत्या आणि फोनमधून आचारी शाबासकी देत होते. खुनी जहाजावरचा डॉक्टर निघाला तेव्हा आचाऱ्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मायक्रोफोननं तोही टिपला. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. तसं ते कधीच म्हणाले नव्हते.

ते ध्वनिमुद्रण अर्थातच ग्रंथालयाच्या कामाचं नव्हतं. निम्मी वाक्यं आचाऱ्यांची होती. पण पुढच्या आठवड्यात आत्यानं तेच भाग पुन्हा शांतपणे वाचले, आणि कप्तान मात्र ओरडणाराच ठेवला. ग्रंथालयाच्या बाईंनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना, शेवटी तुमचा आवाज फार चढलाय. बरी आहे, असं आत्या म्हणाली. त्यांनी तो भाग तसाच स्वीकारला, आणि आता मुलांच्या साहसकथा आत्याकडेच येतात.

लॅपटॉप उरलेल्या एका पट्टीवर चालतोय. सावकाश चालतो, पण निळा पडत नाही. दादानं नवीन पाठवायचं पुन्हा एकदा विचारून बघितलं, मग तो विषय सोडला.

घड्याळवाल्यांचा मात्र जीव त्यात अडकला. मागच्या महिन्यात ते स्वतःचा एक लॅपटॉप घेऊन वर आले. आत्याच्या लॅपटॉपहून जुना, जड, आणि कीबोर्डवरची दोन बटणं गायब. यावरही ती सिस्टिम बसेल का, असं त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं. तेव्हापासून ते दर रविवारी येतात, रुमाल अंथरतात, आणि दोघं त्यात डोकं घालून बसतात. अजून काही ती बसलेली नाही. परवा मी म्हटलं, दादाला विचारू का, तर दोघंही एकदम म्हणाली, "नको, बघतोय आम्ही."

मी आपली चहा ठेवायला गेले.